सड्यावरील दीपकाडीची वार्षिक मोजणी

कोकणच्या किनाऱ्यालगत, विशेषतः रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, जांभ्या दगडाची जी सपाट व उघडी पठारे पसरलेली आहेत त्यांस गावोगाव ‘सडा’ असे म्हणतात. सात-बाराच्या उताऱ्यावर या जमिनीचा बराचसा भाग पोटखराब म्हणून दाखविलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत सड्यावर उभे राहिले असता ही नोंद यथार्थच वाटते. पायाखाली तापलेला काळपट कातळ, खोलगट जागी चार बोटे माती, करपलेल्या गवताचे खुंट आणि अधूनमधून एखादे करवंदाचे जाळे, याखेरीज तेथे काही दिसत नाही. जूनमध्ये पावसाला आरंभ झाला म्हणजे मात्र हाच सडा दोन-तीन आठवड्यांत हिरवा होतो आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत तेथे एकामागून एक अशा फुलांच्या पाळ्या लागतात. सीतेची आसवे, गेंद, कवळा, तेरडा ही नावे कोकणातील शेतकऱ्यांना परिचित आहेत. या सर्वांच्या आधी, पावसाच्या पहिल्या पाळीतच फुलणारी एक कंदवर्गीय वनस्पती म्हणजे दीपकाडी होय.

दीपकाडीचे शास्त्रीय नाव ‘डिप्कॅडी कोंकणेन्से’ असे आहे. नावातच कोकण आहे, आणि ते योग्यही आहे. कारण ही वनस्पती कोकणपट्टीतील कातळांवरच मुख्यतः आढळते. डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५० साली तिचे प्रथम वर्णन केले. पुढे १८६१ साली अलेक्झांडर गिब्सन यांच्यासमवेत मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध करणारा तो हाच. शास्त्रीय नाव आणि मराठी नाव यांचे उच्चारसाम्य मोठे मौजेचे आहे. काडीच्या टोकाशी लावलेल्या पांढऱ्या दिव्यासारखे फूल पाहिले म्हणजे मराठी नाव शास्त्रीय नावावरून आले असेल असे मनात येत नाही, इतके ते या फुलाला शोभते.

झाड असे हिचे काही मोठे नसते. जमिनीत कांद्यासारखा लहान कंद, त्यातून निघालेली तीन-चार लांब, अरुंद व पन्हळीसारखी पाने, आणि मधोमध एक सरळ दांडा, एवढेच हिचे स्वरूप. दांड्यावर थोडी पण मोठी, शुभ्र पांढरी फुले येतात. फुलाचा खालचा भाग नळीसारखा लांबट असून वर सहा दले असतात. फुलानंतर तीन कप्प्यांचे बोंड धरते व त्यात काळे, चपटे बी तयार होते. पाऊस ओसरला की पाने वाळतात, दांडा मोडून पडतो आणि कंद तेवढा कातळाच्या खाचेत, चिमूटभर मातीच्या आधाराने, पुढील जूनपर्यंत निजून राहतो. म्हणजे वर्षातील आठ महिने ही वनस्पती डोळ्यांना दिसतच नाही. तिच्या संरक्षणातील खरी अडचण येथेच आहे.

उन्हाळ्यातील निर्णय व पावसाळ्यातील पुरावा

सड्यावरील बहुतेक सर्व कामे उन्हाळ्यात होतात. आंब्याच्या कलमांसाठी कातळात खड्डे घ्यावयाचे ते मार्च ते मे या काळात. चिऱ्याच्या खाणी चालतात त्या उघडिपीत. रस्त्याचे, कुंपणाचे व बांधकामाचे आराखडे आखले जातात तेही जमीन कोरडी असताना. यांपैकी कोणत्याही प्रसंगी जागा पाहावयास गेलेल्या माणसास दीपकाडी आढळणार नाही व तो प्रामाणिकपणे ‘जागा मोकळी आहे’ असेच लिहील. ज्या कातळावर जुलै महिन्यात शेकडो दांडे डोलत होते तो कातळ मे महिन्यात यंत्राखाली जातो, आणि पुढच्या जुलैत तेथे काय नाहीसे झाले हे सांगावयास कागदाचा कपटाही नसतो. मे महिन्यातील निर्णयाला लागणारी माहिती आदल्या जुलैतच गोळा करून ठेवावी लागते. प्रस्तुत लेखात सांगितलेल्या मोजणीचे प्रयोजन एवढेच आहे.

फळबागेचा प्रश्न येथे स्पष्टपणे मांडणे इष्ट आहे. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीस प्रारंभ झाल्यावर कोकणात आंबा व काजू यांखालील क्षेत्र झपाट्याने वाढले. पूर्वी ज्या कातळाकडे कोणी वळून पाहत नसे तेथे सुरुंगाने वा यंत्राने खड्डे घेऊन, दुसरीकडून माती आणून कलमे उभी राहिली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा पराक्रमच आहे आणि त्यास कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र या लागवडीने सड्याची किती जागा बदलते याचा हिशोब बहुधा चुकीचा केला जातो. दहा मीटर अंतराने हेक्टरी १०० कलमे लावावयाची व प्रत्येक खड्डा एक मीटर लांबी-रुंदीचा घ्यावयाचा, असे धरले तर खड्ड्यांनी व्यापलेली जागा १०० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरच्या शंभरावा हिस्सा होते. उरलेले ९९ हिस्से जसेच्या तसे राहतात असा समज त्यामुळे होतो. वस्तुतः खड्ड्यातून निघालेला दगड कोठे तरी पसरला जातो, आणलेली माती पावसाने वाहून आजूबाजूच्या खाचांत बसते, यंत्राच्या व गाड्यांच्या वाटा पडतात, आणि पुढे कलमांची सावली व वाढलेले गवत यांनी उघड्या कातळाचे स्वरूपच पालटते. दीपकाडीला मातीचा उथळ थर व उघडे आकाश हवे. चांगली जमीन मिळाल्याने तिचे भले होत नाही.

यावरून सड्यावर बाग करूच नये असा अर्थ कोणी घेऊ नये. एकाच मालकाच्या सड्यात दीपकाडीचा दाट ताटवा एखाद्या कोपऱ्यात असतो व बाकीच्या भागात ती तुरळक किंवा मुळीच नसते. ताटवा कोठे आहे हे ठाऊक असेल तर तेवढा तुकडा वगळून, अथवा उताराच्या बाजूस जेथे मातीचा थर मुळातच अधिक आहे तेथे, कलमे घेता येतात. असा तुकडा सोडल्याने शेतकऱ्याचे नुकसान थोडे होते, आणि सड्याचा उपयोगही काही गवताच्या भाऱ्यापुरताच नसतो. जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यातून मुरते व सड्याच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यांना आणि विहिरींना लागते. रत्नागिरीस वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही मे महिन्यात टँकरची वाट पाहणारी गावे या जिल्ह्यात आहेत. त्यांनी तर सड्याकडे अधिक काळजीने पाहावे.

मोजणीची जागा

राजापूर तालुक्यातील देवाचे गोठणे येथील सडा दीपकाडीसाठी प्रसिद्ध आहे. परंतु प्रसिद्ध जागाच तेवढ्या मोजून भागत नाही. गावच्या शिवारात कोठे कोठे ही फुले येतात याची माहिती सर्वांत आधी गुराख्यांना व सड्यावर गवत कापणाऱ्या बायामाणसांना असते. कार्यकर्त्याने प्रथम त्यांना फुलाचे चित्र दाखवून विचारावे आणि पहिल्या वर्षी जुलैत सारा सडा पायी फिरून ताटव्यांचा कच्चा नकाशा काढावा.

सड्याच्या जमिनी अनेकदा सामाईक असतात व हिस्सेदारांपैकी निम्मेअधिक मुंबईस असतात. तरीही मोजणीपूर्वी निदान गावात राहणाऱ्या हिस्सेदारास हेतू समजावून सांगून त्याची संमती घ्यावी. न विचारता कोणी आपल्या जमिनीत फीत धरून मोजमाप करीत आहे असे दिसले की जमीन सरकारजमा होणार अशी आवई उठते आणि पुढील दहा वर्षे त्या सड्यावर कोणास पाऊल ठेवू देत नाहीत.

जागा ठरल्यावर ताटव्यातून १०० मीटरची एक सरळ रेषा आखावी. रेषेचा आरंभ व शेवट कातळावर तैलरंगाच्या ठिपक्याने दर्शवावा आणि जवळच्या कायम खुणेपासून, उदाहरणार्थ गडगा, मोठे झाड वा विजेचा खांब यांपासून, त्यांचे अंतर लिहून ठेवावे. कारण रंग दोन पावसाळ्यांत फिका पडतो. मोबाइलवर अक्षांश-रेखांश नोंदवावेत, परंतु केवळ त्यांवर विसंबू नये. मोबाइलची चूक चार-पाच मीटरची असू शकते व एक मीटरच्या चौकोनास ती चालत नाही. एक खबरदारी येथे आवश्यक आहे. कोकणातील अनेक सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे आहेत. त्यांपैकी काही, देवाचे गोठणे येथील धरून, २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत घेण्यात आली. शिल्पाच्या आसपास रंगाचा ठिपकाही पडता कामा नये. तेथे अंतराच्या मोजमापावरच काम भागवावे.

रेषेवर दर पाच मीटरला एक, याप्रमाणे वीस चौकोन येतात. बांबूच्या कामट्यांची किंवा प्लॅस्टिकच्या नळीची एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी चौकट करून ती पहिल्या खुणेस रेषेच्या डावीकडे, दुसऱ्या खुणेस उजवीकडे, अशी आळीपाळीने ठेवावी. चौकट जेथे येईल तेथेच मोजावे. फुले दोन हात पलीकडे आहेत म्हणून चौकट सरकवण्याचा मोह अनुभवी माणसासही होतो, आणि असा मोह एकदा जरी अनावर झाला तरी त्या रेषेची पुढची सारी वर्षे निरुपयोगी होतात. ज्या चौकोनात एकही झाड नाही तेथे स्पष्टपणे शून्य लिहावे. शून्य म्हणजे पाहिले व आढळले नाही. कोरी जागा म्हणजे पाहिलेच नाही. दहा वर्षांनी वही उघडणाऱ्यास हा भेद अन्य कोणत्याही मार्गाने कळणार नाही.

मोजणीचा दिवस

मोजणीची तारीख दिनदर्शिकेवरून ठरवू नये. दीपकाडीचा बहर सर्वसाधारणपणे जून ते ऑगस्ट या काळात येतो, पण नेमका कधी, हे पावसावर अवलंबून असते. ज्या वर्षी मृगाचा पाऊस वेळेवर लागतो त्या वर्षी आणि ज्या वर्षी तो लांबतो त्या वर्षी एकाच तारखेस मोजणी केली, तर पहिल्या वर्षी भर बहर व दुसऱ्या वर्षी नुसते कोंब मोजले जातील, आणि कागदावर मात्र वनस्पती निम्म्याने घटली असे दिसेल. यासाठी रेषेबाहेरचा एक लहान ताटवा निशाणीचा म्हणून धरावा. त्यातील निम्म्या दांड्यांवर निदान एक फूल उमलले की त्या आठवड्यात मुख्य मोजणी करावी. पाऊस केव्हा सुरू झाला, मध्ये किती दिवसांची उघडीप पडली, हेही त्याच पानावर लिहावे. दुसरी फेरी फुले संपून बोंडे धरल्यावर करावी व त्या वेळी फक्त बोंडे असलेले दांडे मोजावेत.

मुख्य मोजणीत प्रत्येक चौकोनासाठी तीन आकडे हवेत : फुलाचा दांडा असलेली झाडे, दांडा नसलेली पण पूर्ण वाढीच्या पानांची झाडे, आणि बारीक पानांची लहान रोपे. बहुतेक हौशी माणसे केवळ फुले मोजतात. फुले मोजणे सोपे व आनंदाचे असते हे खरे, परंतु फुलांचा आकडा एकटा फसवा ठरतो. कंदवर्गीय झाड प्रतिकूल वर्षी फुलावर येत नाही. पाने काढून, अन्न साठवून ते पुन्हा निजते. त्याची अनुपस्थिती म्हणजे मरण नव्हे.

हे आकड्यांनी पाहिले तर अधिक स्पष्ट होईल. समजा, एका सड्यावर वीस चौकोनांत पहिल्या वर्षी ३६ झाडे फुलली, पूर्ण वाढीची बिनफुलाची ४० व लहान रोपे २४ होती, एकूण १००. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये पावसाने तीन आठवडे दडी मारली आणि फुललेली झाडे १२च निघाली, पण बिनफुलाची ६० व रोपे २० आढळली, एकूण ९२. फुलांचा आकडा तिसऱ्या हिश्श्यावर आला तरी येथे काळजीचे कारण फारसे नाही. आता दुसरा सडा घ्यावा. तेथे पहिल्या वर्षीचे आकडे तेच होते. तिसऱ्या वर्षी फुललेली झाडे ३४, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकीच, बिनफुलाची ३५, पण रोपे केवळ ३ उरली. पाहणारा म्हणेल की फुले पूर्वीसारखीच आहेत. वास्तविक या सड्यावर नवे झाड उभे राहणे थांबले आहे. जुने कंद आहेत तोवर फुले दिसत राहतील आणि ते संपले की ताटवा एकाएकी नाहीसा झाल्यासारखा वाटेल. अशा ठिकाणी बी धरते की नाही, धरले तर ते पडल्यावर माती वाहून जाते काय, गुरांची वा माणसांची वर्दळ वाढली आहे काय, याचा शोध त्याच वर्षी घेतला पाहिजे. बोंडांच्या दुसऱ्या फेरीचा उपयोग येथे होतो.

ओळखण्यातील चुका

फुलावर असताना दीपकाडी ओळखण्यात चूक होत नाही. नुसत्या पानांवरून मात्र ती सहज होते. आरंभीच्या पावसात फोडशीची पाने साधारण तशीच लांबट दिसतात. फोडशीचे फूल पांढरे असले तरी लहान व चांदणीसारखे पसरट असते, त्यास लांब नळी नसते. रानकांद्याची पानेही कोवळेपणी गोंधळ करतात. कंद उकरून पाहिला तर भेद चटकन कळेल, पण ज्याचे रक्षण करावयाचे तेच उकरणे हा काही मार्ग नव्हे. फुललेल्या दीपकाडीच्या बुडाशी असलेली पाने, त्यांची रुंदी व पन्हळ, निरखून डोळ्यांत बसवावी व मगच बिनफुलाची झाडे मोजावीत. तरीही शंका राहिल्यास ‘संशयित’ असा निराळा रकाना ठेवून त्यात आकडा टाकावा. खात्रीच्या आकड्यात तो मिसळू नये. शक्यतो दरवर्षी एकाच व्यक्तीने मोजावे, आणि ती बदलणार असेल तर एक वर्ष जुन्या व नव्या दोघांनी बरोबर मोजून आकडे ताडून पाहावेत.

फोडशीची भाजी खुडणाऱ्या स्त्रियांना हा भेद समजावून देणे निराळ्या कारणानेही आवश्यक आहे. फोडशी समजून खुडलेली दीपकाडीची पाने त्या वर्षीच्या कंदाचे अन्न असतात, आणि अनोळखी कंदवर्गीय वनस्पतीची पाने खाणे आरोग्यासही धोक्याचे आहे.

मोजणी करताना चौकटीच्या आत पाय ठेवू नये व जमेल तेथे उघड्या दगडावरूनच चालावे. भिजलेल्या सड्यावरची माती इतकी सैल असते की एका टाचेखाली दोन-चार रोपे जातात. साताऱ्याजवळील कास पठारावर फुले पाहावयास येणाऱ्या गर्दीला आवर घालण्यासाठी शुल्क व निर्बंध लावावे लागले, हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणून फुललेल्या ताटव्याचे छायाचित्र गावाबाहेर पाठविताना नेमक्या जागेचा पत्ता जोडू नये. छायाचित्र नोंदीसाठी मात्र अवश्य घ्यावे, आणि तेही दरवर्षी रेषेच्या आरंभाच्या ठिपक्यावर उभे राहून, एकाच दिशेने.

नोंद कोठे ठेवावी

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायतीच्या स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व तिने लोक जैवविविधता नोंदवही राखावयाची असते. दीपकाडीच्या मोजणीस हीच जागा योग्य होय. मोजणीचे पान, कच्चा नकाशा व छायाचित्रे यांची एक प्रत समितीच्या नोंदवहीत लावावी आणि एक मोजणाऱ्याने आपल्यापाशी ठेवावी. आकड्यांबरोबर सड्यावर त्या वर्षी काय काय घडले तेही दोन ओळींत लिहावे : वणवा लागला होता काय, राब भाजताना आग सड्यावर चढली काय, गुरे किती चरली, जवळ नवी खाण, रस्ता किंवा बाग झाली काय व ती रेषेपासून किती अंतरावर आहे. आकडा का हलला याचे उत्तर बहुधा या दोन ओळींतच सापडते. राज्य शासनास अशा एखाद्या क्षेत्रास जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित करता येते, परंतु तसा प्रस्ताव करावयाचा तर एका बहराचे वर्णन पुरत नाही. काही वर्षांची सलग मोजणी लागते.

दिवाळीनंतर, बागेच्या लागवडीचे अर्ज भरण्यापूर्वी, समितीने हे पान एकदा ग्रामसभेत वाचून दाखवावे व ज्यांच्या हिश्श्यात ताटवा आहे त्यांना नकाशावर तो दाखवावा. ज्या शेतकऱ्याला सड्यावर कलमे लावावयाची आहेत त्याने खड्ड्यांची आखणी करताना हा नकाशा बरोबर घ्यावा आणि ताटव्याच्या कडेने, पाण्याच्या वरच्या अंगास निदान दहा मीटर जागा सोडून दोरी धरावी, म्हणजे खड्ड्यांची माती पहिल्या पावसात वाहून खाचांत उतरणार नाही.